औषध, विष आणि कथनकाळ : ग्रामीण कथात्म साहित्यातील एका मौनाचा विचार

१

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेत दोन प्रकारची दुकाने परस्परांपासून फारशी दूर नसतात. एकावर 'मेडिकल' अशी पाटी असते, दुसऱ्यावर 'कृषी सेवा केंद्र' अशी. दोन्ही ठिकाणी जे विकले जाते त्याला बोलीत नाव मात्र एकच आहे : औषध. लेकराला ताप आला म्हणून औषध आणतात आणि सोयाबीनवर अळी पडली म्हणूनही औषधच आणतात. अर्थ ठरतो तो शेजारी येणाऱ्या क्रियापदावरून. 'औषध मारलं' म्हणजे फवारणी झाली. 'औषध घेतलं' याचे दोन अर्थ संभवतात. बरे होण्यासाठी घेतले की जीव देण्यासाठी, हे सांगणाऱ्याच्या आवाजावरून ऐकणाऱ्याला कळते. आणि 'औषध बाधलं' म्हणजे फवारणाऱ्याला चक्कर आली, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या दिवशी तो बांधावर झाडाखाली पडून राहिला आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीला लावून पुन्हा सरीत उतरला.

जाक देरिदा यांनी १९६८ मध्ये प्लेटोच्या संवादांचे वाचन करताना 'फार्माकॉन' या ग्रीक शब्दाकडे लक्ष वेधले. औषध आणि विष या दोन्ही अर्थांना एकाच वेळी धारण करणारा हा शब्द संहितेच्या अर्थनिश्चितीला कसा तडा देतो, हे त्यांचे विवेचन मराठी समीक्षेलाही परिचित आहे. 'औषध' या मराठी शब्दाची अवस्था वरवर पाहता तशीच दिसते. परंतु साम्य येथेच संपते. ग्रीक शब्दातील द्व्यर्थ जुना, भाषेच्या पोटातला आहे. मराठी बोलीतील हा द्व्यर्थ हरितक्रांतीनंतरच्या शेतीव्यवहाराने घडवलेला, गेल्या साठेक वर्षांतला आहे. पिकाला 'रोग' पडतो, म्हणून पीक रुग्ण ठरते; फवारणी हा उपचार ठरतो आणि दुकानदार वैद्याच्या जागी येतो. या रूपकाने एक ऐतिहासिक काम केले आहे. त्याने विषाचे विषपण नावाखाली झाकले, आणि विष रोजच्या हाताळणीतली, घरातल्या फडताळावर वा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवण्याजोगी वस्तू होऊन बसले.

वर उल्लेखिलेल्या क्रियापदांपैकी मराठी ग्रामीण कथात्म साहित्याने कोणते आपलेसे केले आणि कोणते वगळले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. 'घेणे' वा 'पिणे' हे क्रियापद या साहित्यात ठळकपणे आले. 'बाधणे' अधूनमधून, प्रसंगापुरते आले. परंतु 'भिनणे', 'साचणे', 'मुरणे' ही क्रियापदे, म्हणजे रोजच्या अल्प मात्रेने शरीरात साठत जाणाऱ्या विषाचा अनुभव, कथनाच्या केंद्राशी येऊ शकला नाही. या मौनाचे कारण लेखकांच्या अनुभवदारिद्र्यात किंवा सहानुभूतीच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. ते कारण कथनाच्या रूपबंधात, विशेषतः त्याच्या काळविषयक गृहीतांत आहे.

२

भारतीय आणि मराठी वाङ्मयीन परंपरेत विषाला तोटा नाही. परंतु ते विष बहुधा 'घटना' या रूपात वावरते. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल एका विशिष्ट क्षणी प्राशन केले जाते. ते एकाच कंठात, एकाच जागी थांबते आणि प्राशन करणारा नीलकंठ ठरतो. मीरेच्या हाती दिलेला प्याला एकच असतो, आणि भक्तीच्या बळावर त्याचे अमृत होते. या मिथकांत विषाला प्रारंभ आहे, कर्ता आहे, साक्षी आहेत आणि निवारणही आहे. विष येथे नायकत्वाची कसोटी म्हणून येते.

संचयाची कल्पना परंपरेला अगदीच अपरिचित आहे असे नाही. लोककल्पनेतील विषकन्या बालपणापासून अल्पाल्प विषावर वाढवलेली असते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चंद्रगुप्तासाठी योजलेल्या विषकन्येमुळे पर्वतकाचा अंत होतो. म्हणजे दीर्घकाळ विष साठवणारे शरीर परंपरेने कल्पिले आहे. परंतु ते शरीर शस्त्र म्हणून कल्पिले आहे. साठलेले विष बाहेर, शत्रूवर जाऊन आदळते. धारण करणारी मात्र अबाधित राहते. राजकारणाच्या नाट्यात ही कल्पना शोभते. शेतात राबणाऱ्या बाईच्या संदर्भात तिची दिशा उलटी होते. डी.डी.टी.सारखी ऑर्गॅनोक्लोरीन गटातील रसायने चरबीत साठतात आणि आईच्या दुधावाटे बाळाकडे जातात, हे विज्ञानाने अनेक दशकांपूर्वीच सिद्ध केले आहे. विषकन्येचे विष शत्रूकडे जाते, या आईचे स्वतःच्या लेकराकडे. या उलट्या दिशेसाठी परंपरेजवळ मिथक नाही.

आधुनिक मराठी नाटकात संचयाची सर्वांत प्रभावी संहिता म्हणजे राम गणेश गडकरी यांचे, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला'. शीर्षकातील 'एकच' या शब्दाचा उपरोध हाच संचयाचा सिद्धांत आहे : प्रत्येक प्याला एकच असतो आणि एक-एक मिळूनच सर्वनाश होतो. परंतु या संचयाला सुधाकराच्या इच्छाशक्तीचा, तिच्या स्खलनाचा आधार आहे. पिणारा पितो म्हणून साचते. त्यामुळे प्रेक्षक त्याला दोष देऊ शकतो, त्याची कीव करू शकतो आणि नाटकाला नैतिक आस मिळतो. ज्याने प्यालाच उचललेला नाही, ज्याच्या कातडीतून, श्वासातून आणि विहिरीच्या पाण्यातून विष आत आले, त्याच्या शोकात्म कहाणीत 'प्रमाद' कोठे ठेवायचा, हा प्रश्न या नाट्यपरंपरेपुढे कधी उभाच राहिला नाही.

३

धाराशिव जिल्ह्याने मराठी ग्रामीण कथेला भास्कर चंदनशिव यांच्यासारखा समर्थ कथाकार दिला. कळंब तालुक्यातील हासेगाव हे त्यांचे जन्मगाव. 'जांभळढव्ह', 'मरणकळा', 'अंगारमाती', 'नवी वारुळं' हे त्यांचे कथासंग्रह मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या जगण्याचा, त्याच्याच बोलीतील दस्तऐवज आहेत. त्यांची 'लाल चिखल' ही कथा शालेय पाठ्यपुस्तकातून महाराष्ट्रातील पिढ्यांपर्यंत पोहोचली. टोमॅटोला बाजारात भाव मिळत नाही, आणि अपमानाने पेटलेला शेतकरी बाप आपलाच माल पायांखाली तुडवतो, हा तिचा गाभा. कथेचा काळ एका बाजारदिवसात आवळलेला आहे. अपेक्षा, अवहेलना, संताप आणि विध्वंस अशा चढत्या क्रमाने ती शेवटच्या दृश्यापाशी पोहोचते आणि त्या लाल चिखलात व्यवस्थेचे सारे हिंस्रपण वाचकाला एका दृष्टिक्षेपात दिसते.

याच जिल्ह्यातील तेर येथील गोरा कुंभाराची आख्यायिका या कथेशेजारी ठेवून पाहता येते. विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना स्वतःचे मूल पायांखाली आले, तरी गोरोबांना ते कळले नाही. 'लाल चिखल'मधील बाप तुडवतो ते जाणून, पेटून. गोरोबा तुडवतात ते नकळत, रोजच्या कामाच्या लयीत. दोन्ही चिखल मराठी मनाला खोल भिडले. पण नंतरच्या ग्रामीण कथेने वारसा उचलला तो पहिल्या प्रकाराचा, जाणून केलेल्या स्फोटक कृतीचा. रोजचे काम चालू असतानाच, काम करणाऱ्याच्या नकळत होणारी हानी ही दुसरी शक्यता संतचरित्रातच राहिली. आणि तेथेही कृपेने मूल परत मिळते. रासायनिक शेतीतील हानी नेमकी या दुसऱ्या प्रकारची आहे, फक्त तिच्यात कृपेचा शेवट नाही.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२, साहित्य अकादेमी पुरस्कार २००४) ही कादंबरी या दृष्टीने एक पाऊल पुढे जाते. शीर्षकच बारमाही, अखंड चालणाऱ्या काळाचे सूचन करते. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी कुटुंब यांची कोंडी कोणत्याही एका आघाताने निर्माण झालेली नाही. ती हंगामामागून हंगाम साचत गेलेली आहे. संचयाचे कथन मराठी ग्रामीण कादंबरीला जमत नाही, हे विधान 'बारोमास'समोर टिकत नाही. मग प्रश्न असा उरतो : ज्या कादंबरीपरंपरेने कर्जाचा संचय इतक्या बारकाव्याने टिपला, तिला विषाचा संचय का दिसू नये?

उत्तर कदाचित 'वही'त आहे. कर्जाला वही असते. सावकाराची असो, सोसायटीची असो वा कृषी सेवा केंद्राच्या उधारीची असो, तिच्यात तारीख असते, रक्कम असते, व्याजाचा दर असतो. वहीमुळे कर्जाच्या संचयाला वाचनीयता येते. कादंबरीकार वही वाचतो आणि तिच्या मागचे माणूस लिहितो. त्याच दुकानातून, त्याच उधारीवर नेलेल्या औषधाची किंमत वहीत चढते. पण त्या औषधाचा जो अंश नेणाऱ्याच्या शरीरात उतरतो त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. एकाच खरेदीने दोन खाती उघडतात, एक कागदावर आणि एक देहात. मराठी साहित्याने पहिल्या खात्याचे वाचन आत्मीयतेने केले. दुसऱ्या खात्याला अक्षरच नसल्याने ते अवाचित राहिले.

४

हे दुसरे खाते नेमके कसे भरत जाते, हे समजून घेणे समीक्षेला टाळता येणार नाही. कारण कथनाच्या काळाचा प्रश्न येथे रसायनांच्या स्वभावाशी जोडलेला आहे. १९५३ पासूनच्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमात घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारली गेली. पुढे पिकांवर आणि धान्याच्या साठ्यावर डी.डी.टी., बी.एच.सी., एन्ड्रिन ही नावे खेड्यापाड्यांत रुळली. शेतीतील डी.डी.टी.वर १९८९ मध्ये, एन्ड्रिनवर १९९० मध्ये आणि बी.एच.सी.वर १९९७ मध्ये भारतात बंदी आली. ही रसायने मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून बंदीनंतरही त्यांचा काळ संपत नाही. जो काळ कायद्याच्या दृष्टीने भूतकाळ झाला, तो शरीरात वर्तमान असतो. कथनशास्त्राला याहून अवघड पेच क्वचितच मिळेल.

त्यांच्या जागी आलेल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या औषधांचा स्वभाव निराळा आहे. ती शरीरात तशी दीर्घकाळ साठत नाहीत. परंतु मज्जातंतूंच्या कार्याला आवश्यक असलेल्या कोलिनेस्टरेज या विकराला ती निकामी करतात, आणि त्याची पातळी पूर्ववत होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. त्याआधी पुन्हा फवारणी झाली की आधीच्या अपुऱ्या भरपाईवर नवी हानी चढते. येथे साचते ते विष नव्हे, साचते ती हानी. कर्जाच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल फिटण्यापूर्वीच नवी उचल होते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. हा प्रकार देशभर वार्ता झाला. विशेष तपास पथक नेमले गेले, चर्चा झाली. ते सर्व आवश्यकच होते. परंतु वार्तेचा विषय होण्यासाठी मृत्यूंना एकाच हंगामात, एकाच जिल्ह्यात एकवटावे लागले, ही बाब अन्वर्थक आहे. त्याच फवारणीने न मेलेल्या, पण हातांना कंप सुटलेल्या, झोप उडालेल्या, विसरभोळ्या झालेल्या माणसांची वार्ता होत नाही. वार्ता आणि लघुकथा यांचे घटनेवरील अवलंबन येथे एकसारखे आहे.

कायद्याचेही तसेच. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. निरक्षर शेतकऱ्यालाही विषाची तीव्रता कळावी म्हणून योजलेली ही चिन्हव्यवस्था आहे. हे रंग मुख्यतः ठरतात ते प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मरतील एवढ्या मात्रेवरून : शरीराच्या दर किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने हे घडत असेल तर लाल, ५००पर्यंत पिवळा, ५,०००पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे त्रिकोणाची भाषा तात्काळ मृत्यूची भाषा आहे. वीस वर्षे हिरव्या वा निळ्या त्रिकोणाच्या सहवासात राहिल्याने काय होते, हे सांगणारा रंग या वर्णमालेत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षबागा या संदर्भात स्वतंत्र विचाराला पात्र ठरतात. अल्प पावसाच्या या प्रदेशात शेततळे आणि ठिबक यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या या बागांत वर्षाचे चक्र छाटण्यांनी बांधलेले असते : उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात; घड लांबावेत, मणी फुगावेत म्हणून जिब्रेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवतात; भुरी आणि डाऊनीसाठी फवारण्या एकामागून एक चालू राहतात. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण तर जुनेच. त्यातील तांबे बागेच्या मातीत साठत राहते. या कामांपैकी बरीच कामे मजूर स्त्री-पुरुषांच्या हातांनी होतात. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अवशेष आढळल्याने युरोपात माल अडकला आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागेची नोंदणी, नमुना आणि प्रयोगशाळेतील अवशेष-तपासणी ही व्यवस्था २००६ पासून संगणकीय माग-प्रणालीत बांधलेली आहे. घडाला वही आहे. प्रत्येक अवशेषाला मर्यादा आहे, मर्यादेला आकडा आहे. तो घड द्रावणात बुडवणाऱ्या हाताला मात्र नमुनाही नाही आणि आकडाही नाही. दूरदेशीच्या खाणाऱ्याचे शरीर येथे नोंदले जाते, जवळच्या राबणाऱ्याचे नाही. विषमतेचे इतके नेमके चित्र ग्रामीण साहित्याच्या आजवरच्या मालक-मजूर, सावकार-कूळ या जोड्यांतून सहजासहजी हाती येत नाही.

५

अशा अनुभवाला सैद्धांतिक नाव देण्याचे प्रयत्न इंग्रजी समीक्षेत झाले आहेत. लॉरेन्स ब्यूएल यांनी १९९८ मध्ये विषभयाच्या संभाषिताचा विचार मांडला. स्टेसी अलायमो यांनी २०१० मध्ये मानवी देह आणि परिसर यांच्यातील सीमारेषा सच्छिद्र असल्याचे प्रतिपादन केले. रॉब निक्सन यांनी २०११ मध्ये 'संथ हिंसा' ही संकल्पना रूढ केली : दृष्टीआड, विलंबाने, काळ आणि अवकाश यांत पसरून होणारी हिंसा, जिला दृश्यमान करणे हे लेखकापुढील आव्हान आहे. ही चौकट उपयुक्त आहे. परंतु ती जशीच्या तशी मराठीवर बसवली तर मराठी संहिता केवळ उदाहरणे पुरवणारी ठरते.

म्हणून सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील 'दूषीविष' या संकल्पनेचे स्मरण करणे उचित ठरेल. शरीरातून पूर्णपणे बाहेर न गेलेले, जुने झालेले वा प्रतिविषाने बळ घटलेले विष तत्काळ मारत नाही. कफाने वेढलेले ते वर्षानुवर्षे शरीरात राहते आणि प्रतिकूल देश, काळ, अन्न यांचे निमित्त मिळताच प्रकुपित होऊन धातूंना दूषित करते, असे तिचे स्वरूप सांगितले आहे. आधुनिक विषशास्त्र आपल्या पूर्वजांना अवगत होते, असा निष्कर्ष यातून काढणे हास्यास्पद होईल, सुश्रुतापुढे डी.डी.टी. नव्हती आणि कोलिनेस्टरेजही नव्हते. संकल्पनेचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. दूषीविषात काळाची तीन पदे आहेत : प्रवेश, दडून राहणे आणि निमित्ताने प्रकटणे. प्रवेश आणि प्रकटन या दोन घटना आहेत. त्यांच्यामध्ये पसरलेला दीर्घ, घटनाशून्य काळ हाच विषाचा खरा काळ आहे. मराठी ग्रामीण कथा बहुतांशी तिसऱ्या पदापाशी सुरू होते. दुसऱ्या पदाचे कथन कसे करावे, हा तिच्यापुढील प्रश्न आहे, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी लागणारा शब्द आपल्याच ज्ञानव्यवहारात आहे.

अन्य भाषांनी या दुसऱ्या पदाला कसे हाताळले, हे पाहणे येथे उद्बोधक ठरते. मिनामाता येथील पारायुक्त सांडपाण्याने बाधित झालेल्या मच्छीमारांविषयी इशिमुरे मिचिको यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या 'कुगाई जोदो' या ग्रंथात वैद्यकीय अहवालांची कोरडी भाषा आणि रुग्णांची स्थानिक बोली शेजारी-शेजारी येतात. अहवाल मोजतो, बोली भोगते. त्या दोहोंच्या फटीत वाचकाला काळ जाणवतो. मल्याळममध्ये अंबिकासुतन मांगाड यांची 'एन्मकजे' (२००९) ही कादंबरी कासरगोडमधील काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हवेतून झालेल्या एन्डोसल्फानच्या फवारणीचे परिणाम सांगते. तिच्यातील पुरुषपात्राचे नाव नीलकंठन असावे, हा योगायोग नव्हे. कंठात विष थांबवणाऱ्या देवाचे नाव धारण करणारा माणूस अशा गावात वावरतो, जेथे विष कोणाच्याच कंठात थांबत नाही. ते पाण्यातून, दुधातून पुढच्या पिढीत उतरते. मिथक येथे आधार म्हणून येत नाही, ते अपुरे पडताना दाखवले जाते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवर देशभर बंदी घातली. त्यापूर्वी दोन वर्षे कादंबरीने आपली साक्ष नोंदवली होती.

६

मराठीजवळ अशा कथनाची साधने नाहीत काय? आहेत, आणि ती व्याकरणापासूनच सुरू होतात. जेरार जेनेत यांनी कथनातील वारंवारतेचा विचार करताना अनेकदा घडलेले एकदाच सांगणाऱ्या, पुनरावर्ती निवेदनाचा प्रकार वेगळा काढला. मराठीला यासाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूपच लाभले आहे. 'तो उठला, गेला, फवारला' हा घटनेचा काळ. 'तो उठे, पंप धुई, त्याच हातांनी भाकरी खाई' हा रीतिभूतकाळ. आठवणींच्या गद्यात, जात्यावरच्या ओव्यांच्या आवर्तनात मराठीने या पुनरावृत्तीला भावनेचे वजन दिले आहे. वास्तववादी कथेने मात्र हा काळ प्रस्तावनेपुरता वापरला : रोज असे असे होई, आणि एके दिवशी... त्या 'एके दिवशी'पाशी कथा सुरू झाली असे मानले गेले. विषसंचयाच्या कथनात हा क्रम उलटावा लागेल. जी पार्श्वभूमी समजली जाते तीच कथावस्तू आहे, हे रीतिभूतकाळाला केंद्रस्थानी आणल्याशिवाय सिद्ध होणार नाही.

दुसरे साधन आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीने दाखवून दिले आहे. नारबा या शेतगड्याच्या जाणिवेतून ही कादंबरी उलगडते. यंत्र येते आणि त्याच्या सहवासातील जनावरे एकेक करून नाहीशी होतात. तेथे मोठा स्फोट नाही. आहे ती क्रमाने होणारी वजाबाकी. रासायनिक शेतीतील बेरीज, म्हणजे शरीरात वाढत जाणारे काहीतरी, ही परिसरातील वजाबाकीच्या बरोबरीने चालते : बांधावरची रानभाजी, गांडुळे, मधमाश्या कमी होतात. तणनाशकाने खुरपणीची गरज कमी केली, तेव्हा बायकांची मजुरी गेली आणि त्या मजुरीसोबत पाटीभर घरी येणारी भाजीही गेली. नारबाला जनावरांची अनुपस्थिती कळते, तशी ही अनुपस्थिती जाणणारी पात्रजाणीव निर्माण झाली, तर देहातली बेरीज सांगण्यास तीच पुरेशी ठरू शकेल.

तिसरे साधन दलित आत्मकथनांचे. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) या संहितांवर रचनेच्या सैलपणाचा, पुनरुक्तीचा आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप घटनाप्रधान रूपबंधाच्या निकषातून आलेला होता. अवमान हा एकदाच घडत नाही. तो रोज, थोडाथोडा, शरीरावर आणि भाषेवर साचतो. म्हणून त्याचे कथनही साचणारेच असते. दलित आत्मकथनाने मराठीत संचयाचा रूपबंध सिद्ध केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. शिवाय फवारणीचा पंप बहुधा कोणाच्या पाठीवर चढतो, हा प्रश्न भूमीच्या मालकीचा आणि म्हणून जातीचाही आहे. ग्रामीण साहित्याने शेतकऱ्याला एकसंध नायक मानले तेव्हा त्याच्या बागेत मजुरीने फवारणारा भूमिहीन त्या नायकाच्या सावलीत गेला. विषाचे खाते लिहायचे तर आधी खातेदार कोण, हे ठरवावे लागेल.

७

यावर एक आक्षेप संभवतो. साहित्य म्हणजे आरोग्यपत्रिका नव्हे. कादंबरीने कोणते रसायन कोठे साठते हे सांगू लागणे म्हणजे कलेला प्रचाराच्या दावणीला बांधणे होय. हा आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखा आहे, कारण पर्यावरणविषयक लेखनाचा बराचसा भाग खरोखरच माहितीच्या ओझ्याखाली वाकलेला असतो. परंतु येथे अपेक्षा माहितीची नाही, काळाच्या पुनर्रचनेची आहे. जे घटनेच्या रूपात मावत नाही ते अनुभव म्हणून अस्तित्वातच नाही, या गृहीताला प्रश्न विचारणे हे रूपबंधाचे कार्य आहे आणि ते साहित्यबाह्य नाही.

दुसरा आक्षेप असा येऊ शकतो की आत्महत्येसारखा भीषण प्रश्न समोर असताना संथ विषबाधेची चर्चा ही गौणाला प्रधान करणे होय. धाराशिवसह मराठवाड्याने गेल्या काही दशकांत आत्महत्यांचे जे दुःख सोसले आहे, त्यापुढे हा आक्षेप सहज डावलता येत नाही. तथापि या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. आत्महत्येच्या क्षणी हाती येतो तो डबा घरात आधीपासून असतो. त्याच डब्याने तोवर कितीतरी हंगाम त्याच शरीरावर काम केलेले असते. आत्महत्येनंतर शासनव्यवस्था ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते; कर्जाचा पुरावा, पंचनामा, शवविच्छेदन यांची जुळणी करते. साहित्यानेही नकळत हाच निकष स्वीकारला आहे काय? ज्या मरणाला तारीख आहे ते कथेला पात्र आणि ज्या झिजेला तारीख नाही ती अपात्र, अशी विभागणी साहित्यात रुजली असेल, तर ग्रामीण साहित्याने ज्या व्यवस्थेविरुद्ध लेखणी उचलली तिच्याच नोंदवहीचा रकाना त्याने उसना घेतला आहे.

२०२० च्या जानेवारीत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, भरले. अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ज्यांनी वसईच्या हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठी दीर्घ लढा दिला होता. पर्यावरणाचा प्रश्न मराठी साहित्याच्या व्यासपीठाला परका नाही, हे त्या निवडीतून स्पष्ट होते. परंतु मराठीत पर्यावरण म्हटले की मनात येतात ते डोंगर, झाडे, नदी, म्हणजे देहाबाहेरचे जग. देह हाच परिसराचा शेवटचा, सर्वांत आतला थर आहे, आणि शेतात मारलेले औषध जेथे जाऊन थांबते ती जमीनही तोच आहे, ही जाणीव अद्याप आपल्या समीक्षेच्या परिभाषेत उतरलेली नाही.

मराठीत 'कुठेतरी पाणी मुरतंय' असे म्हणतात ते संशयाने. पाणी मुरताना दिसत नाही; मुरले आहे हे पातळी खाली गेल्यावर कळते. विषाच्या बाबतीत हा संशय साहित्याने अगोदर घ्यावा, पातळीची वाट पाहू नये. कृषी सेवा केंद्राच्या वहीत एका ओळीवर औषधाचे नाव आहे, पुढे रक्कम आहे, बाकी आहे. त्या ओळीच्या उजवीकडचा रकाना कोरा आहे. तो भरणारी कादंबरी मराठीत लिहिली जाईल तेव्हा तिच्यात कदाचित कोणी मरणार नाही, कोणी पेटून उठणार नाही; फक्त एक माणूस रोज उठे, पंप धुई आणि त्याच हातांनी भाकरी खाई, एवढेच असेल. ते वाचण्याची तयारी आज समीक्षेने करावयाची आहे.